मंगनीची अंगठी : आधी रक्कम ठरवा, मग दुकानाची पायरी चढा

मंगनी ठरली की आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न निकाहच्या तारखेचा नसतो, अंगठीचा असतो. "कितीची घ्यावी?" विचारणारा कधी मुलगा असतो, कधी त्याचा बाप, आणि बऱ्याच वेळा मुलाचा थोरला भाऊ, कारण घरात पैसा कुठून निघणार हे त्यालाच ठाऊक असते. सूत, चामडे, फर्निचर, रेडिमेड कपडे यांच्या धंद्यावर लिहिणाऱ्यांनी अंगठीवर लिहायला घेतले, तर काही वाचक म्हणतील की हा विषय बायकांच्या पानाचा. आमचे मत तसे नाही. ज्या घरात दुकानाचा गल्ला आणि घरखर्चाचा डबा एकच असतो, त्या घरात मंगनीची अंगठी हा धंद्याचाच विषय आहे.

भिवंडीच्या एका लूमवाल्यांची गोष्ट सांगतो. बारा लूम, सूत रोखीने घेणारा माणूस, बाजारात शब्दाला किंमत. मुलाची मंगनी ठाण्याच्या घरी ठरली. मुलीकडच्यांनी काहीच मागितले नव्हते. पण मेहुण्याने कानात सांगितले की, त्या लोकांत हिऱ्याशिवाय अंगठी कुणी नेत नाही. सुतासाठी बाजूला ठेवलेले सव्वा लाख रुपये अंगठीत गेले. पुढचे चार महिने सूत उधारीवर आले. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि उधारी घेणाऱ्याला व्यापारी देईल तोच माल. हप्ता चुकू नये म्हणून कापड पडत्या भावात विकले. वर्षाच्या शेवटी दोन लूम गेले. अडचणीत अंगठी मोडावी म्हणून ते दुकानात गेले, तेव्हा सराफाने सोने तोलले, त्याचा भाव बरोबर लावला आणि खड्याची जी रक्कम सांगितली ती ऐकून ते अंगठी खिशात घालून परत आले. ही हकीकत आम्हाला सांगताना त्यांचा राग सराफावर नव्हता. मेहुण्यावर होता.

सराफाने त्यांना फसवले नव्हते. हिऱ्याचा खरेदीचा भाव आणि मोडीचा भाव यांत जे अंतर असते ते त्यांनी आधी विचारलेच नव्हते. लूमचा सुटा भाग घेताना दहा दुकाने फिरणारा माणूस अंगठी घेताना एकाच दुकानात बसून चहा पितो आणि पैसे मोजतो, कारण सोबत चार नातेवाईक असतात आणि त्यांच्यासमोर घासाघीस करणे कमीपणाचे वाटते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की रक्कम घरी ठरवावी, दुकानात नव्हे. किती ठरवावी याचे एक सूत्र इंग्रजी जाहिरातींतून आपल्याकडेही आले आहे : मुलाच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी अंगठी. पुष्कळ शिकलेल्या मुलांना ही पाश्चात्त्यांची जुनी रीत वाटते. रीतबीत काही नाही. डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने १९८० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या जाहिरातींतून हे दोन महिन्यांचे माप पसरले. हिरा म्हणजे कायमचे बंधन, ही कल्पनाही त्याच कंपनीच्या जाहिरात संस्थेने १९४७ साली लोकांच्या डोक्यात भरली. विकणाऱ्याने ठरवलेले माप घेणाऱ्याने वापरावे, असे आपण कोणत्या धंद्यात करतो?

आमचे माप वेगळे आहे आणि ते व्यापाऱ्याचे आहे. तीन ठिकाणच्या पैशाला हात लावू नये. एक, धंद्याचे खेळते भांडवल. दोन, व्याजाने किंवा क्रेडिट कार्डावर उचललेला पैसा. तीन, मेहरसाठी ठेवलेली रक्कम. या तीन सोडून घरात जी शिल्लक आहे, तिच्यातून कपडे आणि जेवणाचा खर्च काढून जे उरेल ते अंगठीचे. ते पंधरा हजार असले तर अंगठी पंधरा हजारांची. मेहर मुलीचा हक्क आहे, अंगठी ही भेट आहे. आपल्याकडे मात्र अंगठी रोखीने येते आणि मेहर उधार लिहिला जातो. ज्याच्याजवळ काहीच नव्हते अशा एका माणसाला पैगंबर साहेबांनी मेहरसाठी लोखंडाची अंगठी तरी शोधून आण असे सांगितले, आणि तीही मिळाली नाही तेव्हा त्याला येत असलेल्या कुरआनच्या सूरांवर त्याचा निकाह लावून दिला, ही हदीस आपण प्रत्येक निकाहच्या बयानात ऐकतो. ऐकून उठतो आणि थेट सराफ बाजारात जातो.

कॅरटचा हिशेब

आता दुकानाकडे वळू. सोन्याचा भाव एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखावर पोहोचला, आणि त्यानंतर तर साध्या माणसाने सोन्याचे नाव काढावे की नाही असे झाले. अशा वेळी बावीस कॅरटच हवे हा हट्ट कितपत धरावा, याचा विचार करायला हवा.

चोवीस कॅरट म्हणजे शुद्ध सोने. बावीसमध्ये हजारी ९१६ भाग सोने, अठरामध्ये ७५०, चौदामध्ये ५८५ आणि नऊमध्ये ३७५. बाकी तांबे, चांदी वगैरे. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरू. तुम्ही हे वाचाल त्या दिवशीचा भाव वेगळा असेल, पण गणित तेच राहील. या भावाने कॅरटमागे ५०० रुपये पडतात. म्हणजे बावीसचा ग्रॅम ११,०००, अठराचा ९,०००, चौदाचा ७,००० आणि नऊचा ४,५००. अडीच ग्रॅमची अंगठी, घडणावळ बारा टक्के आणि वर तीन टक्के जीएसटी धरली, तर बावीस कॅरटची ३१,७२४ रुपयांना पडते, अठराची २५,९५६ ला आणि चौदाची २०,१८८ ला. बोटात तिन्ही सारख्याच दिसतात. चौदाचा पिवळेपणा किंचित फिका असतो, तोही शेजारी बावीसची ठेवली तरच कळतो.

चौदा कॅरट म्हटले की घरातले वडीलधारे अजून नाक मुरडतात. त्याला इतिहास आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्ध दागिने घडवण्यास बंदी झाली. हजारो सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. पुढे चौदा कॅरटची अट उठली आणि सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली पूर्ण रद्द झाला. पण चौदा कॅरट म्हणजे सरकारने गळ्यात मारलेले हलके सोने, ही चीड आजोबांकडून नातवापर्यंत आली. तेव्हा ती सक्ती होती. आज ती आपली निवड आहे, आणि पावतीवर ५८५ असे स्वच्छ लिहिलेले असेल तर तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. चौदा कॅरट देऊन बावीसचे पैसे घेणे ही फसवणूक. चौदा घेऊन चौदाचे पैसे देणे हा सौदा.

तरी आम्ही सर्वांना चौदाच घ्या असे म्हणणार नाही. अंगठीकडून तुम्हाला काय हवे यावर ते आहे. ती पुढे-मागे अडीअडचणीला उभी राहावी, गहाण ठेवता यावी, मोडता यावी असे वाटत असेल तर बावीस कॅरटची, बिनखड्याची साधी अंगठी घ्यावी. गहाण ठेवून घेणारे कमी कॅरटला कमी भाव देतात आणि काही जण घेतच नाहीत. खडा बसवायचा असेल तर अठरा बरे, चौदाही चालेल. बावीसचे सोने मऊ असते. रोज भांडी घासणाऱ्या, कपडे धुणाऱ्या हातात त्याच्या नख्या वाकतात आणि एक दिवस खडा मोरीतून निघून जातो. नऊ कॅरटला जुलै २०२५ पासून सरकारी हॉलमार्कात जागा मिळाली आहे, पण आमच्या मते ते फॅशनच्या दागिन्याला ठीक. मंगनीच्या अंगठीसाठी चौदाच्या खाली जाऊ नये. हे आमचे मत आहे, नियम नव्हे.

वजन कमी करण्याची एक खोटी काटकसर मात्र टाळावी. अंगठीची वरची बाजू रुंद, चमकदार आणि बोटाखाली येणारी पट्टी कागदासारखी पातळ, असे माल दुकानात पुष्कळ असतात. मुलगी ती दोन वर्षे घालते आणि पट्टी चिरते. दोन ग्रॅमची अंगठी नक्षी नसलेली, सगळीकडे सारख्या जाडीची घेतली तर ती टिकते.

घडणावळीवर हात आखडू नका, पण हिशेब मागा

इथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आमचे निम्मे वाचक स्वतः कारागीर आहेत. जरदोजीवाला, सुतार, शिंपी, चप्पल बांधणारा, प्रत्येकाची तक्रार एकच असते की गिऱ्हाईक मालाचे पैसे देते आणि मजुरीला रडते. हाच कारागीर अंगठी घ्यायला गेला की सोन्याच्या भावाबद्दल एक शब्द बोलत नाही, कारण तो फळ्यावर लिहिलेला असतो, आणि सगळा जोर घडणावळ पाडण्यावर लावतो. मुंबईच्या झवेरी बाजाराच्या मागे, काळबादेवी-भुलेश्वरच्या माळ्यांवर पश्चिम बंगालहून आलेले कारागीर दहा बाय दहाच्या खोलीत ॲसिडच्या वासात आणि फुंकणीच्या आचेवर काम करतात. त्यांत आपले भाई पुष्कळ आहेत. तुम्ही दुकानात दिलेल्या बारा-पंधरा टक्क्यांतला त्यांच्या हाती किती पडतो हे एकदा त्यांनाच विचारावे. म्हणून आमचे म्हणणे असे की घडणावळ पाडण्याऐवजी ती कशाची आहे हे विचारा. साच्यात ओतलेल्या, शेकड्याने निघणाऱ्या अंगठीला हातच्या कामाचा दर लावला असेल तर तिथे जरूर बोलावे. टक्केवारीत घडणावळ लावली की सोन्याचा भाव चढला म्हणून मजुरीही आपोआप चढते. काम तेवढेच, वेळ तेवढाच आणि वाढलेली मजुरी कारागिराकडे जाते असेही नाही. हलक्या अंगठीला ठोक रकमेत मजुरी ठरवून घ्यावी. ओळखीचा कारागीर असेल तर सोने सराफाकडून घेऊन त्याच्याकडून घडवून घ्यावे. त्याला त्याची पूर्ण मजुरी द्यावी आणि माल मात्र तपासून घ्यावा.

तपासण्याचा प्रश्न आला म्हणून हॉलमार्कबद्दल सांगतो. जून २०२१ पासून सरकारने ठरवलेल्या जिल्ह्यांत हॉलमार्कशिवाय सोन्याचे दागिने विकता येत नाहीत, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की तो नग कोणत्या सराफाचा, कुठे तपासला, किती शुद्धतेचा हे समोर येते. दुकानातच उभे राहून टाकावा. लाजू नये. हॉलमार्कचा सरकारी आकार नगाला ४५ रुपये आणि त्यावर कर एवढाच आहे, तेव्हा "हॉलमार्कची अंगठी महाग पडेल" हे वाक्य ऐकले की त्या दुकानातून बाहेर यावे. हॉलमार्क असून शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या सोन्याच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

स्वस्त अंगठी घेणाऱ्याने ध्यानात ठेवण्याची खरी गोष्ट पुढे आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. म्हणजे ज्याचा खिसा सर्वांत हलका, त्याच्याच अंगठीवर शिक्का नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. पावणेदोन ग्रॅमची अंगठी घेत असाल तर शिक्का मारून द्या असे सांगावे. सूट आहे म्हणजे मनाई नाही. ते जमत नसेल तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात स्वतः नेऊन तपासता येते, चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये लागतात. आई-बहिणीचे दोन-तीन जुने दागिनेही त्याच फेरीत तपासून घ्यावेत. पुष्कळ घरांत त्या दिवशी थोडे रडणे होते, पण माहीत असलेले बरे. नव्वदच्या दशकात केडीएम म्हणून जे दागिने अभिमानाने विकले गेले, त्यांत झाळ देण्यासाठी कॅडमियम वापरत. तो धूर कारागिरांच्या फुफ्फुसांत गेला. आज केडीएम या शब्दाला शुद्धतेची हमी म्हणून काही अर्थ उरलेला नाही.

जुन्या दागिन्यांचा विषय निघालाच आहे. कमी पैशांत अंगठी करण्याची आपल्या घरांतली सर्वांत जुनी रीत म्हणजे अम्मी किंवा नानीच्या पेटीतला एखादा मोडका दागिना देऊन अंगठी घेणे. रीत चांगली आहे, पद्धत चुकते. आपण जुना दागिना काउंटरवर ठेवतो, सराफ त्याचे वजन करतो, "घट" म्हणून काही कापतो, नवी अंगठी समोर ठेवतो आणि "वरून एवढे द्या" म्हणतो. यात जुन्याला काय भाव लागला आणि नव्याची घडणावळ किती हे दोन्ही झाकले जाते. शिवाय सोन्याच्या बदल्यात सोने कमी-जास्त वजनाने घेण्याला शरिअतमध्ये काय म्हणतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन्हींवर उपाय एकच. जुने सोने आधी वेगळे विकावे, त्याची वेगळी पावती आणि पैसे हातात घ्यावेत. मग नव्या अंगठीचा सौदा वेगळा करावा. दुकानदार कुरकुरेल, पण करतो. विकण्यापूर्वी खडे, मणी, लाख काढून निव्वळ सोन्याचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे.

हाच नियम नवी अंगठी घेतानाही लागू. पावतीवर एकूण वजन वेगळे आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगळे लिहिलेले असले पाहिजे. अमेरिकन डायमंडचे खडे दिसायला चिमुकले, पण वजनाला हिऱ्यापेक्षा जड असतात. अठरा कॅरटच्या अंगठीत ०.३ ग्रॅमचे खडे सोन्याच्या वजनात धरले गेले, तर वर धरलेल्या भावाने २,७०० रुपये गेले, आणि त्यावर घडणावळ आणि करही गेला. काचेचे पैसे सोन्याच्या भावाने दिले, असा त्याचा अर्थ.

खड्याचे काय करावे

खडा नसलेली अंगठी हा आमच्या मते कमी खिशाचा सर्वांत शहाणा पर्याय आहे. तरी मुलीला खडा आवडतो हेही खरे, आणि तिची अंगठी तिच्या आवडीची असू नये असे आम्ही कोण सांगणार?

ज्याला दुकानदार अमेरिकन डायमंड म्हणतो तो हिरा नाही, क्युबिक झिर्कोनिया नावाचा कारखान्यात बनवलेला खडा आहे. चकाकतो छान, पण दोन-चार वर्षांच्या रोजच्या वापराने त्यावर ओरखडे येऊन तो धुरकटतो. किंमत इतकी कमी असते की बदलून घेता येतो. मॉइसनाइट त्याहून कठीण, हिऱ्याच्या खालोखाल, आणि हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. तो हिरा म्हणून विकला नाही तर चांगला माल आहे.

प्रयोगशाळेत बनवलेला हिरा मात्र खरोखर हिराच असतो. रासायनिक दृष्ट्या त्यात आणि खाणीतल्या हिऱ्यात फरक नाही; नुसत्या डोळ्यांनी जोहरीलाही ओळखता येत नाही, यंत्र लागते. सुरतमध्ये त्याचा मोठा धंदा उभा राहिला आहे. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा याच प्रकारचा होता. त्यानंतर मात्र या मालाचे भाव इतके घसरले की ज्यांनी तो सुरुवातीला घेतला ते हात चोळत बसले. म्हणून घ्यायचा तर शोभेसाठी घ्यावा, ठेव म्हणून नव्हे, आणि मोडीला काय द्याल हे पावतीवर लिहून मागावे. लिहून देत नसतील तर खड्याची किंमत शून्य धरून सौदा पटतो का ते पाहावे. खाणीच्या हिऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा. आमच्या लूमवाल्या स्नेह्यांनी तो विचारला असता तर दोन लूम वाचले असते.

रंगीत खड्यांत माणिक आणि नीलम कठीण, रोजच्या वापराला योग्य. पाचू सुंदर पण नाजूक. स्वस्तातले मोठे लालभडक माणिक दिसले तर सावध व्हावे. त्यातल्या भेगांत काच भरलेली असते आणि लिंबाच्या रसानेही ती खराब होते. आपल्या घरात लिंबू कोण वापरत नाही?

मुलाची अंगठी

मंगनीत अंगठी दोन्हीकडून जाते आणि मुलाला सोन्याची अंगठी घालण्याची चाल आपल्यात घुसली आहे. मर्दाला सोने हराम हे माहीत नसलेला मुसलमान आम्हाला भेटलेला नाही. तरी मुलीचा बाप दोन-तीन ग्रॅमची अंगठी करतो, नोशा ती फोटोपुरती घालतो आणि मग ती कपाटात पडते. कर्ज मात्र मुलीच्या बापाच्या डोक्यावर राहते. मुलाकडच्यांनी स्वतः होऊन "सोने नको" असा निरोप पाठवला, तर एका फोनमध्ये एका घराचे पंचवीस-तीस हजार वाचतात. हा निरोप मुलाकडूनच जायला हवा. मुलीचा बाप तो मागू शकत नाही.

काही दुकानांत "व्हाइट गोल्ड घ्या, ते सोने नाही" असे सांगतात. ते सोनेच असते. पांढरे दिसावे म्हणून त्यात दुसरे धातू मिसळून वर ऱ्होडियमचा मुलामा दिलेला असतो. प्लॅटिनमबद्दल आपल्या आलिमांना विचारावे. चांदीबद्दल विचारण्यासारखे काही नाही. हुजूर साहेबांची मोहर चांदीच्या अंगठीवर होती. हनफी किताबांत मर्दाच्या अंगठीची चांदी एक मिस्काल, म्हणजे ४.३७ ग्रॅमपेक्षा कमी असावी असे सांगितले आहे. चांदीचा भाव कितीही चढला तरी चार ग्रॅम चांदीच्या पैशात अर्धा ग्रॅम सोनेही येत नाही. तिच्यात खंबायतचा अकीक बसवला तर अंगठीला रुबाब येतो. गुजरातमधल्या खंबायतला अकीक घासणाऱ्या, छेदणाऱ्या कारागिरांत आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चांदी ९२५ ची आहे का, हे विचारावे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडीचा हॉलमार्क सुरू झाला आहे, अजून ऐच्छिक आहे.

हप्त्यावर आणि भिशीवर अंगठी घेण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. सोने उधारीवर घेण्याबाबत मुफ्ती साहेबांना विचारावे, ते आमचे काम नाही. धंद्याच्या नजरेने इतकेच सांगतो की सराफाच्या भिशीत पैसा भरणारा हा त्या सराफाचा सावकार असतो, तोही बिनतारण. २०१९ साली ठाणे-डोंबिवलीकडे भिशी घेणाऱ्या एका सराफी पेढीची दुकाने एका रात्रीत बंद झाली आणि लोक कुलपासमोर पावत्या घेऊन उभे राहिले. वर्षभर आधी तयारी करायची असेल तर पैसे आपल्याच नावावर साठवावेत, किंवा जमेल तसे अर्धा-एक ग्रॅमचे हॉलमार्क असलेले नाणे घेऊन ठेवावे आणि शेवटी ते वेगळे विकून अंगठी घ्यावी.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. माप मुलीच्या बोटाचे घ्यावे, तिच्या बहिणीच्या नव्हे. संध्याकाळी घ्यावे, सकाळी बोट बारीक असते. साधी पट्टी पुढे मोठी-लहान करता येते, सगळीकडून खडे जडवलेली येत नाही. आणि ही अंगठी मेहरमध्ये धरली आहे की वेगळी भेट आहे, हे निकाहनाम्यात एका ओळीत लिहावे. पुढे वाद झाला की दोन्हीकडचे बुजुर्ग याच ओळीसाठी तीन-तीन बैठका करतात.

आमच्या सराफ आणि कारागीर वाचकांसाठीही यात धंदा आहे, हे सांगून टाकतो. दोन ते तीन ग्रॅमची, चौदा आणि अठरा कॅरटची, हातच्या कामाची, शिक्का असलेली अंगठी मागणारे गिऱ्हाईक वाढत आहे आणि गल्लीतला सराफ अजून जाड बावीस कॅरटच काचेत मांडून बसला आहे. ते गिऱ्हाईक मग मॉलमधल्या शोरूमला जाते. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्या सराफाला हॉलमार्कची सक्ती नाही. पण त्याने सूट घेऊन गप्प बसू नये. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही. मालेगावचे एक तरुण सराफ ही नोंदणी करून बसले. त्यांनी काउंटरवर एक साधी पाटी लावली आहे : सोन्याचे निव्वळ वजन, भाव, मजुरी आणि कर, चारही वेगळे. आम्ही बसलो होतो तेव्हा एक बुरखा घेतलेली बाई आणि तिचा मुलगा आले. मुलाने रुमालातून अठरा हजार काढून ठेवले आणि म्हणाला, "एवढेच आहेत, यात जी बसेल ती दाखवा." सराफाने चौदा कॅरटच्या सहा अंगठ्या काढल्या. आईने चष्मा पुसला आणि एकेक उजेडात धरून पाहू लागली.